कडक अंडी

कृष्णकांत निकमांबद्दल दोन गोष्टी सगळ्या सोसायटीला माहीत होत्या. एक म्हणजे ते वायुसेनेतून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेत. ही त्यांनी स्वतः सांगितली होती, लिफ्टमध्ये, भेटेल त्याला. दुसरी म्हणजे त्यांची बायको गेल्या थंडीत गेली. ही त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, तरी सगळ्यांना माहीत होती, आणि म्हणूनच लिफ्टमध्ये लोक त्यांची पहिली गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून घेत.

अंड्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका भिंतीमुळे. पंजाबी मुलखात, झिरकपूरला विमानतळाच्या रस्त्यावर जे नवे टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या भिंती बाहेरून भक्कम दिसतात. आत मात्र इकडे शिंकलं की तिकडचा माणूस रुमाल शोधतो. मे महिन्यातल्या एका रविवारी कृष्णकांत आपल्या खोलीत बसले होते. म्हणजे नुसते बसले होते. भिंतीपलीकडे मुलगा अनिमेष आणि सून आश्लेषा बोलत होते. आश्लेषाला पाचवा महिना होता.

"माझी आई महिनाभर येईल नाशिकहून," आश्लेषा म्हणत होती. "पण माझी रजा संपल्यावर काय?"

"बाई ठेवू."

"परक्या बाईच्या हातात? बाबा आहेत की घरात."

"बाबा?" अनिमेष हसला. "बाबांना काय जमणार यार? फ्रिजमधलं कालचं दूध कुठलं आणि आजचं कुठलं, ते त्यांना कळत नाही. त्यापेक्षा अण्णाकाका बोलावतायत तर जाऊ दे साताऱ्याला. तिकडे मन तरी रमेल."

आश्लेषा यावर काही बोलली असेल तर ते भिंतीने नेमकं अडवलं.

मुलगा हसला याचं कृष्णकांतांना एवढं लागलं नाही. पण कालचं दूध आणि आजचं दूध हे लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर वायुसेनेच्या भांडारात विमानांचे सुटे भाग सांभाळले, ज्याच्या हाताखालून मुदत उलटलेला एक रबरी वॉशरही कधी बाहेर गेला नाही, त्याला हे ऐकायचं! भांडाराचा पहिला नियमच असा की जे आधी आलं ते आधी बाहेर. हा नियम त्यांनी नोकरीत पाळला, घरी आल्यावर कांद्याबटाट्यांना लावला, आणि एकदा बायकोच्या साड्यांनाही लावून पाहिला. साड्यांचा प्रयोग दुपारपर्यंत टिकला.

तेवढ्यात साताऱ्याहून अण्णांचा, म्हणजे थोरल्या भावाचा फोन आला. तो दर रविवारी यायचा.

"काय करतोयस रं किसना?"

"काय नाय. बसलोय."

आणि हे म्हटल्याबरोबर त्यांना लता आठवली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ती म्हणायची, "उठा हो जरा! खुडूक कोंबडीसारखे काय बसलाय?" ज्यांनी कोंबडी फक्त ताटात पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगायला हवं, की खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायची बंद होते. पिसं फुगवून एका जागी बसते. खाण्यापिण्याकडे तिचं लक्ष नसतं, आणि कोणी जवळ गेलं तर टोचते. कृष्णकांतांना ही तुलना अन्यायाची वाटायची, विशेषतः टोचण्याचा भाग. आता लता नव्हती, आणि बसणं मात्र खरोखरचं खुडूक झालं होतं. उठा म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं.

लताने सुनेला लग्नातच सांगून ठेवलं होतं, "तू फक्त बातमी दे. पुढचं सगळं माझ्याकडे लागलं." बातमी आली, पण ती गेल्यावर. तिच्या कपाटात दोन जुन्या सुती साड्या बाजूला ठेवलेल्या होत्या, बाळाच्या दुपट्यांसाठी. धुऊन धुऊन अगदी मऊ झालेल्या. कृष्णकांत त्या कपाटाला हात लावत नसत.

लताने सुनेसाठी काय काय केलं असतं, ते त्यांनी त्या दिवशी मनात मांडून पाहिलं. डिंकाचे लाडू जमणार नव्हते. अळिवाची खीर करायची तर आधी अळीव ओळखता यायला हवेत. बाकीच्या गोष्टी सासऱ्याने मनात आणण्यासारख्याही नव्हत्या. मग त्यांना डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं. रोज एक अंडं खा, पण चांगलं, ताजं. कृष्णकांत ताठ झाले. अंडं म्हणजे सामग्री. सामग्री शोधायची, आणायची आणि सांभाळायची, आयुष्यात दुसरं आपण केलंय काय?

पहिली चौकशी खालच्या दुकानात झाली.

"ये अंडा कब का है?"

"ताज़ा है अंकलजी."

"लेकिन आया कब?"

"आया हुआ है जी."

एवढ्या माहितीवर वायुसेनेत खिळासुद्धा ताब्यात घेत नाहीत. कृष्णकांत निघून आले. त्यांना गावठी अंडी हवी होती. गावठीला हिंदीत देसी म्हणतात हे त्यांना माहीत होतं, आणि घोटाळा तिथेच झाला. ते थेट गेटवरच्या गार्डकडे गेले.

"भैया, इधर देसी कहाँ मिलेगी? एकदम ताज़ी?"

गार्डने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अंकलजी, ठेका तो सामने ही है."

आयुष्यभर कँटीनची रम घेतलेल्या माणसाला बाहेरच्या दुनियेचं ज्ञान बेताचं असतं. त्यातून ठेका म्हणजे इकडे दारूचं दुकान, पण मराठी कानाला कंत्राट. कृष्णकांतांना वाटलं, इकडे सरकारने अंड्यांचंही कंत्राट देऊन टाकलेलं दिसतंय.

"अच्छी होती है ना? मेरे को नहीं चाहिए. बहू को देनी है. रोज़ सुबह एक."

गार्ड खुर्चीवरून उभा राहिला.

"डॉक्टर ने बोला है," कृष्णकांतांनी खुलासा केला. "पाँचवाँ महीना है."

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी बंसलसाहेब घरी आले. हे गृहस्थ कांदासुद्धा न खाणारे आणि नियमाशिवाय न बोलणारे. त्यांनी कृष्णकांतांचा हात हातात घेतला.

"निकमजी, दुख सब पे आता है. पर इसका इलाज बोतल नहीं है. और बहू को तो... बच्चा है पेट में!"

खुलासा व्हायला अर्धा तास गेला. दारूचा संबंध नाही, प्रकरण अंड्यांचं आहे, हे कळल्यावर बंसलसाहेबांचा चेहरा खुलायला हवा होता. तो आणखी पडला.

"अंडे?" ते म्हणाले. एकंदरीत दारू बरी होती, असं त्यांना वाटलेलं दिसलं.

समोरच्या फ्लॅटमधले गिलसाहेब मात्र खूश झाले. कालवे खात्यातून निवृत्त झालेल्या ह्या माणसाला जगातल्या प्रत्येक वस्तूसाठी एक ओळखीचा माणूस होता. "अंडे? ओ जी, मुझे बोलना था ना! बरवाले चलते हैं." बरवाला म्हणजे पंचकुल्याच्या पुढचा कोंबड्यांचा मुलूख. गिलसाहेबांच्या जुन्या गाडीतून दोघे निघाले.

तिथल्या एका शेडमध्ये कृष्णकांतांनी छतापर्यंत रचलेले अंड्यांचे ट्रे पाहिले आणि भांडारी माणूस म्हणून त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांनी एक डझन मागितली. मॅनेजरने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू कोणी विमानतळावर जाऊन दोन लिटर पेट्रोल मागतंय. पेटीच्या खाली ते काही देत नसत. एका पेटीत दोनशे दहा अंडी. अर्धी गिलसाहेबांनी उचलली. उरलेली घेऊन कृष्णकांत लिफ्टमध्ये शिरले, आणि त्याच लिफ्टमध्ये बंसल पतिपत्नी मंदिरात जायला निघालेले होते.

ट्रे कोणाच्या धक्क्याने पडला यावर दोन मतं आहेत. नोटीस मात्र एकच निघाली. प्रवासी लिफ्टमधून अंडी नेण्यास मनाई. सामानाच्या लिफ्टमधून न्यावीत म्हटलं, तर तिच्यात फक्त फर्निचर आणि बांधकामाचं साहित्य चालत होतं. कृष्णकांतांनी ऑफिसात जाऊन रीतसर परवानगी मागितली. क्लार्कने बराच विचार केला, आणि उरलेली अंडी बांधकामाचं साहित्य म्हणून वर गेली.

वर व्हिडिओवर आश्लेषाची आई तयार होत्या. "अहो, साबणाने धुवा आधी! कोंबड्यांचं काही खरं नसतं." विहीणबाईंचा शब्द मोडता येत नाही. कृष्णकांतांनी अंडी साबण लावून कडकडीत पाण्यात धुतली. त्यातली पुष्कळशी तडकली. म्हणून त्या दिवशी बुर्जी झाली, दुसऱ्या दिवशी बुर्जी झाली, आणि तिसऱ्या दिवशी अनिमेष टेबलाशी येऊन उभाच राहिला.

"बाबा, आज पण?"

"आधी आलेलं आधी बाहेर," कृष्णकांत म्हणाले.

आश्लेषा काही बोलत नसे. रोज सकाळी समोर आलेलं अंडं ती डोळे मिटून, शहाण्या मुलीसारखी खायची. ते बघून कृष्णकांतांना बरं वाटायचं. पण मनात एक सल होता. ही काही गावठी नव्हेत. लताने ही अंडी सुनेच्या ताटात पडू दिली नसती.

"देसी चाहिए तो पहले बोलना था!" गिलसाहेब म्हणाले. खरं तर पहिल्यापासून तेच बोलणं चाललं होतं. "बनूड के आगे एक गाँव है. सुरिंदर कौर. मेरी मौसी की देवरानी लगती है."

सुरिंदर कौर साठीच्या होत्या. डोक्यावर ओढणी आणि आवाज दोन शेतांपलीकडे जाणारा. हिंदी थोडी, पंजाबी भरपूर, आणि तीही वेगात. बोलणं करून द्यायला गिलसाहेब होतेच, पण ते म्हणाले, मी जरा गुरुद्वाऱ्यात माथा टेकून येतो. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? पुढच्या सगळ्या घटनांचं मूळ त्या माथ्यात आहे.

"बीबीजी, अंडे चाहिए," कृष्णकांत म्हणाले. "सब से अच्छे. बच्चे के लिए. घर में बच्चा होना है."

"बच्चे कढणे ने?" बाईंनी विचारलं.

"हाँ जी. बच्चे के लिए ही."

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घर विच कुडक हैगी?"

कृष्णकांतांनी कडक ऐकलं. आता मराठी माणसाचा कडक हा काही साधा शब्द नाही. चहा कडक, इस्त्री कडक, शिस्त कडक. घरातलं सगळं कडक आहे का, असं ही बाई विचारतेय म्हटल्यावर त्यांची छाती आपोआप पुढे आली.

"हाँ जी! एकदम कड़क! मैं वायुसेना में था."

वायुसेनेचा इथे काय संबंध ते बाईंना कळलं नसावं. पण त्यांनी मान डोलावली. "फौजियां दे घर सब कुछ हुंदा," म्हणाल्या, आणि त्यांना मागच्या छपरात घेऊन गेल्या. तिथे एका टोपलीत एक कोंबडी पसरून बसली होती. बाईंनी तिच्या पोटाखाली हात घालून एकेक करत डझनभर अंडी काढली. कोंबडीने त्यांना टोचलं. मग बाई भराभर बरंच काही बोलल्या. त्यातलं कृष्णकांतांना एवढंच समजलं, की ही कडकवाली अंडी आहेत, यांना थंडी लागू द्यायची नाही, आणि अधूनमधून फिरवत राहायचं. फिरवायचं कसं ते बाईंनी तळव्याने करून दाखवलं.

कृष्णकांतांनी एक अंडं हातात घेतलं. ते गरम होतं. इतकं ताजं अंडं त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं.

आता साठवण. इथे मात्र कोणी त्यांना शिकवायला जाऊ नये. फ्रिजमध्ये आधीचा साठा अजून होता, आणि बाईंनी थंडीला मनाई केलेली. स्वयंपाकघराशेजारी एक लहानशी कोठीची खोली होती. तिथे इन्व्हर्टर होता, एसी नव्हता. बाहेर जूनची लू वाहत होती, त्यामुळे ती खोली दिवसरात्र सारखी उबदार असे. उन्हाच्या झळांनी कवच सुकू नये म्हणून कृष्णकांतांनी टोपलीखाली पाण्याचा वाडगा ठेवला. भांडारात विमानाचे टायर पडून राहिले की एका बाजूने बसतात, म्हणून ते ठरल्यावेळी फिरवायचे असतात आणि कुठली बाजू वर आहे ते खडूने लिहायचं असतं. कृष्णकांतांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारली. सकाळी फुली वर, संध्याकाळी फुली खाली.

राहिला प्रश्न टोपलीत काय पसरायचं याचा. वर्तमानपत्र खरखरीत, टॉवेल जाड. घरात मऊ असं एकच काही होतं. ते बराच वेळ लताच्या कपाटासमोर उभे राहिले. मग त्यांनी ते उघडलं आणि दोन साड्यांतली निळ्या चौकडीची एक काढली. "दुपट्यांना एक पुरेल," ते हळूच म्हणाले. कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा आणि तिचा असा मिळून वास आला. त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर कृष्णकांतांचा मुक्काम कोठीच्या दाराशी हलला. एक स्टूल, वर्तमानपत्र आणि ते. कोणी दार उघडं टाकलं की ते ओरडत, "दार लावा!" कामवाली बाई झाडू घेऊन आली तर तिला म्हणत, "आज नको." जेवायला दोनदा हाक मारावी लागे.

"बाबा अंड्यांवर बसलेत," अनिमेष फोनवर मित्राला सांगायचा आणि हसायचा.

कृष्णकांत मनावर घेत नसत. फ्रिजमधला साठा उतरत होता. तो संपला की कडक अंड्यांची पाळी, त्याआधी नाही. नियम म्हणजे नियम. मग बघू म्हणा, कोणाला काय जमतं.

आणि एका शनिवारी तो साठा संपला. उद्या सकाळी सुनेला पहिलं कडक अंडं, असं कृष्णकांतांनी जाहीर केलं आणि शर्टाला इस्त्री केली.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बंसलसाहेब उभे, सोबत कमिटीचे दोन सभासद आणि हातात कागद. फ्लॅटमध्ये अंड्यांचा बेकायदा साठा आहे, वास येतो, अशी तक्रार आलेली होती. गलका ऐकून गिलसाहेबही बनियनवर आले.

"वास?" कृष्णकांत म्हणाले. एखाद्या एअर मार्शलला तपासणीसाठी न्यावं तसे ते सगळ्यांना कोठीकडे घेऊन गेले. "देखिए. सूँघिए. इतने दिन सँभाले हैं, एक भी ख़राब नहीं. आश्लेषा, एक वाटी आण गं. तोडके दिखाता हूँ."

आश्लेषाने वाटी आणली. बंसलसाहेबांनी रुमाल नाकाला लावला. अनिमेष दाराला टेकून उभा होता, कधीही हसू येईल अशा चेहऱ्याने. कृष्णकांतांनी फुलीवालं एक अंडं उचललं, वाटीच्या काठावर नेलं, हात वर घेतला, आणि अंडं म्हणालं, "चिव."

हात तिथेच थांबला.

"आपने कुछ कहा?" बंसलसाहेबांनी रुमालातून विचारलं.

"चिव," अंडं पुन्हा म्हणालं. ह्या वेळी टोपलीतल्या दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. तिसऱ्याच्या कवचाला चांदणीसारखी चीर गेलेली होती, आणि त्या चिरेतून तांदळाच्या दाण्याएवढी चोच बाहेर आली.

"ओए!" गिलसाहेब ओरडले. "ओए, ये तो चूजे हैं!"

भांडारात ठेवलेला माल आपल्या पायांनी चालायला लागला, असं वायुसेनेच्या इतिहासात कधी झालेलं कृष्णकांतांना आठवेना. कानशिलं तापली. हातातलं अंडं त्यांनी फार जपून साडीवर परत ठेवलं. आता पोरगं हसणार, आणि अण्णांकडचं तिकीट आजच निघणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. ते वाट बघत राहिले.

पण हसलं कोणीच नाही. बंसलसाहेब गुडघ्यांवर बसले होते. त्यांचा रुमाल कुठे पडला ते त्यांनाही कळलं नव्हतं. "जीव है," ते म्हणत होते. "देखो तो. जीव है." ह्या सोसायटीत अंडी आली आणि कोणी ती खाल्ली नाहीत, याचा आनंद त्यांना झालेला दिसत होता. एका सभासदाने कागदाची आठवण केली, तसे ते उसळले. "नियम में मुर्गी पालना मना है. पैदा होना कहाँ मना है?" मग सेक्रेटरीपदाची आठवण होऊन म्हणाले, "शाम तक का टाइम है, निकमजी."

आश्लेषा टोपलीजवळ वाकली. "ही आईंची साडी ना? दुपट्यांची?"

"एकच घेतली," कृष्णकांत म्हणाले. "दुसरी आहे. मऊ असं घरात दुसरं काही नव्हतं गं."

ओली पिल्लं साडीच्या चौकड्यांवर धडपडत होती. तिने साडीचं एक टोक उचलून त्यांच्यावर अलगद घातलं.

दुपारपर्यंत सात पिल्लं बाहेर आली. त्यांना आणि उरलेल्या अंड्यांना घेऊन सगळे गिलसाहेबांच्या गाडीतून बनूडच्या रस्त्याला लागले. मागच्या सीटवर आश्लेषा आणि अनिमेषच्या मध्ये टोपली. पुढे कृष्णकांत, इस्त्रीचा शर्ट घालून, खिडकीबाहेर बघत.

"बाबा, एक सांगू?" आश्लेषा म्हणाली. "रागावू नका. मला अंड्याच्या वासानेच मळमळतं. तुम्ही इतकं करत होता, म्हणून श्वास रोखून खात होते."

"रोज?"

"रोज. पण आता नाही हं जमणार. आता तर ओळख झाली."

कृष्णकांतांना रागवावं की काय करावं ते सुचेना. एवढा खटाटोप सुनेला पौष्टिक काही मिळावं म्हणून, आणि सून श्वास रोखून बसलेली! पण ती रोज खात होती, त्यांच्यासाठी. हे त्यांनी मनात दोनदा फिरवून पाहिलं, आणि दोन्ही बाजूंनी ते चांगलंच दिसलं.

"सोयाबीन खा मग," ते म्हणाले. "मी बघतो कुठे चांगलं मिळतं ते."

"बाबा, पेटी नको," अनिमेष घाईघाईने म्हणाला.

सुरिंदर कौरांनी टोपलीत डोकावलं आणि हात जोडून वर पाहिलं. मग त्या भराभर बोलायला लागल्या, पण ह्या वेळी गिलसाहेब माथा न टेकता हजर होते.

"कह रही हैं, बहुत अच्छे निकाले. पूछ रही हैं, आपकी कुडक कहाँ है?"

"कडक? म्हणजे काय कडक?" कृष्णकांत चक्रावले.

"कुडक जी, कुडक! वो मुर्गी नहीं होती? अंडों पे बैठ जाती है. फिर न उठती है, न खाती है, और पास जाओ तो चोंच मारती है."

कृष्णकांत बघत राहिले. मग ते इतक्या जोरात ओरडले, की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

"खुडूक!"

आणि ते हसायला लागले. पोट धरून, झाडाला टेकून, श्वास अडेपर्यंत हसले. थंडीनंतर त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते सगळं हसण्याचंच आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं.

सुरिंदर कौरांना यातलं काही कळलं नाही. त्यांची शंका तशीच होती. ह्या अंड्यांची आई मुंगसाने नेली होती. म्हणून त्यांनी ती दुसरीच्या पोटाखाली सरकवली, आणि तिला ती जड होत होती, तेवढ्यात हे फौजी आले. "फेर तुहाडे घर," त्यांनी विचारलं, "इन्हां ते बैठी कौण?"

गिलसाहेबांनी समजावून सांगितलं. तुमच्या घरी यांच्यावर बसलं कोण, असं विचारतायत.

अनिमेषने वडिलांकडे पाहिलं. वडील चष्मा पुसत होते.

"बाबा बैठे थे," आश्लेषा म्हणाली.

सुरिंदर कौरांनी कृष्णकांतांना पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, ह्या वेळी जरा आदराने. त्या काही तरी बोलल्या, आणि गिलसाहेब गाडीच्या टपावर हात आपटून हसले.

"क्या बोलीं?" अनिमेषने विचारलं.

"कहती हैं, जिसने बिना मुर्गी के चूजे निकाल दिए, उसके लिए पोता पालना क्या मुश्किल है!"

परत येताना टोपली रिकामी होती. तिच्यात फक्त साडी होती, नीट घडी केलेली. झिरकपूरच्या चौकात नेहमीसारखी वाहतूक अडकली आणि गाडी बराच वेळ जागची हलेना. मागून अनिमेष म्हणाला, "बाबा, अण्णाकाकांना सांगून टाका. यंदा नाही जमणार म्हणावं."

"का? तिकडे मन रमेल म्हणे माझं."

भिंत पातळ आहे, हे अनिमेषच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"बाबा, यार..." तो म्हणाला.

"दार लावत जा कोठीचं," कृष्णकांत म्हणाले. "एवढं केलंस तरी पुष्कळ."

साडी त्यांनी स्वतः धुतली. साबण कोणता हे विहीणबाईंना विचारलं नाही. वाळल्यावर तिला इस्त्री केली, इतकी कडक की दुमडलेल्या रेघेवर पट्टी ठेवून मापावं. मग खाली जाऊन शिवणवाल्या बाईकडून दुपटं कसं बेततात ते शिकून आले, आणि लताची कात्री घेऊन खिडकीशी बसले. पहिलं दुपटं एका बाजूला जरा तिरकं गेलं. त्यावर त्यांनी पेन्सिलीने लहानशी फुली केली आणि ते सगळ्यात वर ठेवलं. आधी झालेलं आधी वापरायचं.

रविवार होता. अण्णांचा फोन आला.

"काय करतोयस रं किसना?"

"बसलोय," कृष्णकांत म्हणाले. मांडीवर निळ्या चौकड्या पसरल्या होत्या. आतून आश्लेषा जेवायला हाक मारत होती, दुसऱ्यांदा.

"नुसताच?"

"नुसता न्हाय अण्णा. खुडूक बसलोय. आता सप्टेंबरपातूर उठायचा न्हाय."